दाराकडे तोंड केलेले जोडे

मुहारेम-अमिजा शनिवारी सकाळी गाव सोडून जाणार आहेत, आणि ते माझ्यामुळे जाणार आहेत. हे मला मंगळवारी कळलं. तेव्हापासून कणीक मळताना, शाळेत वह्या तपासताना, नवऱ्याशी, एन्वेरशी, दुसऱ्याच कशाबद्दल बोलताना एकच चित्र डोळ्यांसमोर येतं. ऑस्ट्रियात, लिंझमधलं चौथ्या मजल्यावरचं घर, खिडकीशी खुर्ची, आणि त्या खुर्चीत बहात्तर वर्षांचा एक माणूस, ज्याला खाली जाऊन कोणाशी बोलावं तर भाषा येत नाही.

अमिजा म्हणजे आमच्याकडे, बोस्नियात, चुलता. ते आमचे चुलते नाहीत, अख्ख्या गल्लीचे आहेत. चढावर आमच्यापासून तिसरं घर त्यांचं. त्यांच्या धुराड्यातून धूर निघाला की नाही हे मी रोज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते. त्यांची बायको हाय्रिया सहा वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासूनची ही सवय. धूर निघायला उशीर झाला की मी काहीतरी निमित्त काढून वर जाते, बहुतेक वेळा चीज भरलेला पिता, म्हणजे आमची भट्टीतली पोळी, घेऊन. ते दार उघडतात, आधी माझ्याकडे बघतात, मग ताटाकडे.

"मेलो नाही अजून," म्हणतात. "पण पिता ठेव."

चौतीस वर्षं त्यांनी बस चालवली. आमच्या गावाहून कोमारचा घाट ओलांडून त्राव्हनिकला, आणि संध्याकाळी परत. तरुणपणी ते फार तापट होते, असं तेच सांगतात. समोरून येणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याच्या आईचा उद्धार करायचे. मागे बसलेल्या बायका कानांवर हात ठेवायच्या. त्या काळी सरकारने तकिये, म्हणजे दर्विश सूफींचे मठ, बंद केलेले होते. दर्विश लोक कोणाच्या तरी घरी पडदे ओढून जिक्र करायचे, अल्लाचं नाव हळू आवाजात घ्यायचे. आमच्या गावातल्या दर्विशांचे गुरू, शेख नुमान, तेव्हा कल्हईवाले होते. दर गुरुवारी ते मुहारेम-अमिजांच्या बसने त्राव्हनिकला भांडी पोहोचवायला जायचे आणि बरोबर त्यांच्या मागच्या सीटवर बसायचे. चार वर्षांत ते त्यांना 'सलाम आलेकुम'पलीकडे एक अक्षर बोलले नाहीत. मुहारेम-अमिजांना वाटायचं, म्हातारा बहिरा असावा. त्यामुळे शिव्या देताना त्यांना संकोच वाटत नसे.

एका जानेवारीत बस घाटात बर्फात रुतली. अमिजा खाली उतरले, चाकाला लाथ मारली, कंपनीला, बर्फाला आणि इंजिनाला जे म्हणायचं ते म्हणून घेतलं आणि काहीच होईना तेव्हा परत येऊन स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले. मागे खुडबुड ऐकू आली. शेख नुमाननी पोत्यातून स्टोव्ह काढला होता आणि ताज्या कल्हईच्या एका भांड्यात बर्फ वितळवायला ठेवला होता. बसमध्ये तीसेक माणसं आणि कप दोनच. त्यांनी दोन-दोन करून सगळ्यांना कॉफी पाजली. दोन तास लागले. शेवटचा कप अमिजांना दिला आणि तेव्हा पहिल्यांदा बोलले.

"मुहारेम, तीस माणसं तुझ्या पाठीमागे डोळे मिटून झोपतात. खाली दरी असते. तरी झोपतात. तू कोणाच्या पाठीमागे असा झोपतोस?"

"मी झोपलो तर सगळेच मरतील, एफेंदी," अमिजा म्हणाले.

शेख इतके हसले की त्यांच्या हातातलं भांडं हललं. अमिजा सांगतात, "त्या हसण्याने मी त्यांचा झालो. त्यांनी उपदेश केला असता तर मी त्यांना पुढच्या थांब्यावर उतरवलं असतं."

पुढे तकिये उघडले. नदीकाठचा आमचा तकियाही उघडला, छप्पर गळत होतं तरी. अमिजा दर्विश व्हायला गेले, म्हणजे आत बसून सगळ्यांबरोबर डोलत 'हू' म्हणायला. शेख नुमाननी त्यांना कॉफीच्या खोलीत उभं केलं. तीन वर्षं. आत जिक्र चाललेला, भिंतीतून त्याचा घुमारा येतो आहे, आणि हे इकडे कप विसळताहेत. एकदा त्यांनी तक्रार केली.

"आत बसलेल्यांतले निम्मे जण कॉफीची वाट बघत असतात," शेख म्हणाले. "तू त्यांना सोडव."

तीन वर्षांनी त्यांना आत बसायची परवानगी मिळाली, पण तोपर्यंत त्यांना कॉफीची खोली सोडवेना. अशी चाळीस वर्षं झाली. गुरुवारी दुपारी ते किल्ली घेऊन जातात, चूल पेटवतात, पितळेच्या उभ्या दळणीत कॉफी दळतात. त्यांची दळणी फिरवण्याची एक लय आहे. विचारलं तर म्हणतात, "काही नाही, हात मोकळा करतो." एन्वेर म्हणतो, त्या लयीत ते जिक्रच करत असतात. शिव्या कधी सुटल्या हे मात्र त्यांनाही सांगता येत नाही. त्या जागी एक शब्द येऊन बसला, 'एय्वाला'. आमचे दर्विश तो प्रत्येक गोष्टीला म्हणतात. मुलगा झाला, एय्वाला. पाय मोडला, एय्वाला. जे आलं ते मान्य, जिथून आलं तेही मान्य. हाय्रियाला मातीत ठेवलं तेव्हा त्यांच्या तोंडून एवढंच निघालं.

मी तकियातली नाही. माझ्या माहेरी नमाज होता, रोजे होते, दर्विश नव्हते. मी जीवशास्त्र शिकले, शाळेत तेच शिकवते. एन्वेर मात्र लहानपणापासून तकियात जाणारा, आणि त्याच्याबरोबर मी वर्षातून तीन-चार वेळा जाऊन वर बायकांच्या सज्जात बसते. खरं सांगायचं तर जिक्रपेक्षा मला मुहारेम-अमिजांकडून जास्त मिळालं. आमची लेक लामिया दोन वर्षांपूर्वी साराजेवोला शिकायला गेली तेव्हा पहिला महिना मी तिला दिवसातून सहा वेळा फोन करायचे. जेवलीस का, खोलीचं दार लागतं का, ट्राममध्ये उभी होतीस की बसली होतीस. एकदा अमिजांच्या दारातच तिला फोन लावला. माझं संपेपर्यंत ते लाकडं रचत होते.

"माझ्या बसमध्ये तुझ्यासारखी एक बाई होती," म्हणाले. "प्रत्येक वळणावर मागच्या सीटवरून पाय दाबायची. ब्रेक माझ्या पायाखाली आणि दाबायची ती. त्राव्हनिकला पोहोचेपर्यंत तिचा पाय सुजायचा."

"मग तुम्ही तिला काय म्हणायचात?"

"काय म्हणणार? तिचंही तिकीट होतं."

आता त्या गुरुवारचं सांगते. सप्टेंबरचा शेवट होता. जिक्रच्या आधी शेख जेवाद कॉफीच्या खोलीत आले. शेख नुमान वारले, त्यांच्यामागे आता त्यांचे नातू जेवाद शेख आहेत. वय चाळीसच्या आत, मृदू माणूस. मी तिथेच ताटलीत मिठाई लावत होते.

"अमिजा, तुमच्या गुडघ्यांना हे उभं राहणं सोसत नाही," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यापासून कॉफीचं कोणीतरी दुसरं बघेल. तुम्ही आत माझ्या शेजारी बसा."

"एय्वाला," अमिजा म्हणाले आणि दळणी फिरवत राहिले.

जिक्र झाला, कॉफी झाली, लोक गेले. एन्वेर बाहेर अंगणात कोणाशी तरी बोलत होता. ओसरीत यायला मला उशीर झाला. शेख आत होते, पण त्यांचे जोडे मागच्या दाराशी असतात; इथे जोड्यांच्या फळीखाली माझ्या जोड्यांशिवाय एकच जोड उरली होती, टाचा दाबलेली, तपकिरी, अमिजांची. ते आत कप धूत होते. ओसरीतला दिवा मिणमिणता, खाली ओल्या फरश्या, आणि जोड्यांची तोंडं आत, भिंतीकडे. मला त्यांचे गुडघे आठवले. आता ते वाकणार, अंधारात चाचपडत जोडे फिरवणार. मी खाली बसले, जोडे उचलले आणि दाराकडे तोंड करून नीट जुळवून ठेवले. पाय घातला की चालायला लागावं, असे.

आमच्याकडे कुठल्याही घरी पाहुणे आत बसले की घरची मुलगी किंवा सून हळूच बाहेर येऊन त्यांचे जोडे फिरवते. "पाहुण्याला जोड्यासाठी वाकावं लागलं तर ती घरच्या बाईची लाज," असं आई म्हणायची. मी नऊ वर्षांची असल्यापासून हे करते आहे. लामियालाही मी हेच शिकवलं. हात आपोआप जातो.

त्यानंतरच्या गुरुवारी अमिजा आले नाहीत. त्यांनी एन्वेरच्या हाती रुमालात बांधून किल्ली पाठवली. मी दोनदा वर गेले. दोन्ही वेळा म्हणाले, "गुडघे." पण बाजारात मी त्यांना कोबीचे दोन मोठे गड्डे काखोटीला मारून ताठ चालताना पाहिलं होतं. दुसऱ्या वेळी मी निघताना त्यांनी विचारलं, "शेख बरे आहेत ना? मन शांत आहे ना त्यांचं?" हा प्रश्न मला विचित्र वाटला. एन्वेरने शेखना विचारलं, तर ते अगदी खाली मान घालून म्हणाले, "मीच चुकलो. कॉफीवरून त्यांना दुखावलं. आता कोणत्या तोंडाने दारात जाऊ? ते वडीलधारे आहेत, राग उतरला की येतील." म्हणजे शेख अमिजांचा राग उतरायची वाट बघत होते. अमिजा कशाची वाट बघत होते ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मग कळलं की कशाचीच नाही. त्यांनी सुव्हादाला, त्यांच्या मुलीला, लिंझला फोन करून सांगितलं, 'ये आणि घेऊन जा.' ती सहा वर्षं हेच मागत होती.

मंगळवारी आम्ही बायका तकिया झाडायला गेलो होतो. झिबा-नेना, म्हणजे झिबा-आजी, ऐंशीची म्हातारी, आत चटया झटकत होती. माझं काम संपलं, ओसरीत आले आणि सवयीने तिचे रबरी जोडे फिरवून ठेवायला लागले. मागून माझ्या मनगटावर झाडूचा दांडा बसला.

"कोणाला हाकलतेस गं?"

"हाकलते कुठे, नेना? तुला सोपं जावं म्हणून..."

"सोपं तुझ्या घरी. इथे जोडे आत बघतात. येणारा येताना काढतो तसेच. जाताना माणूस पाठ न दाखवता, मागे मागे येत पाय घालतो. कधी बघितलं नाहीस?" बघितलं होतं. मला वाटायचं ती म्हाताऱ्यांची हौस. "शेखला एखादा दर्विश नकोसा झाला की तो तोंडाने बोलायचा नाही. त्याचे जोडे दाराकडे वळवून ठेवायचा. दर्विश बाहेर आला, बघितलं, घातले, गेला. का म्हणून विचारायचं नाही. विचारलं तर तो दर्विश कसला? शेख नुमानच्या वेळी एकदाच झालं. तो माणूस पुन्हा या रस्त्याने कधी गेला नाही."

मी तिथेच पायरीवर बसले. नेनाला वाटलं मला चक्कर आली. तिने माझ्या तोंडावर पाणी मारलं. मी तिला काही सांगितलं नाही. त्या रात्री मी निघाल्यावर आत दोनच माणसं होती, अमिजा आणि शेख. अमिजांनी बाहेर येऊन खाली पाहिलं असेल. दुसरं कोण वळवणार?

तिथून मी सरळ वर गेले. अमिजा अंगणात सुरीने आलुबुखाऱ्यांच्या बिया काढत होते, सुव्हादाला न्यायला मुरंबा करायचा होता. मी धापा टाकत होते.

"अमिजा, ते जोडे मी वळवले. त्या गुरुवारी. शेखनी नाही. तुम्हाला वाकायला नको म्हणून."

त्यांनी हातातलं फळ पूर्ण केलं, बी बाजूला ठेवली.

"चांगलं केलंस," म्हणाले. "आईने बरं वळण लावलंय."

"मग परवा येणार ना?"

"पोरी, जोडे वळले होते की नव्हते?"

"वळले होते, पण..."

"पत्र पोस्टमन आणतो. म्हणून काय ते त्याने लिहिलेलं असतं?"

"हे कोणी लिहिलंच नव्हतं, अमिजा."

"ते तुला काय ठाऊक?" ते हसले. माझी खिल्ली उडवून नाही, मुलाने अवघड प्रश्न विचारला की आपण हसतो तसे. "शेखनी सकाळी सांगितलं, कॉफी आता दुसरं कोणी बघेल. रात्री जोडे दाराकडे. दोन्ही एकाच दिवशी. मी चाळीस वर्षं त्या खोलीला माझी खोली म्हणत होतो. दर्विशाची कुठे खोली असते? मला ती सोडवत नव्हती, तर कोणीतरी सोडवली. हात तुझा होता एवढंच."

"संध्याकाळी सांगितलं होतं, सकाळी नाही," मी म्हणाले.

"बरं, संध्याकाळी. आणि शेखना हे सांगायचं नाही. त्यांना वाटेल, म्हाताऱ्याने बाईला मध्ये घालून जागा परत मागितली. त्या घरात मी कधी काही मागितलं नाही. एवढं मला घेऊन जाऊ दे."

मी मान हलवली. ते खूश झाले, मला बसवून घेतलं आणि कॉफी करायला आत गेले. बाहेर आले तेव्हा हातात कपाऐवजी मोठा लोटा होता.

"बघ," म्हणाले, "अजून माप चुकतं. गेल्या गुरुवारी तर तीस कपांची करून बसलो. घरात मी एकटा. शेवटी गुलाबांना घातली. लिंझला बाल्कनी आहे म्हणते सुव्हादा, पण कुंड्या किती आहेत ते विचारायला पाहिजे."

हसत सांगितलं. मीही हसले. घरी आल्यावर मात्र मला स्वयंपाक सुचेना.

एन्वेरला सगळं सांगितलं. त्याने टेबलावरचा पावाचा चुरा बोटाने गोळा केला.

"शब्द दिलास?"

"मान हलवली."

"मग दिलास. नेजला, ही त्यांच्या वाटेची गोष्ट आहे. तुला वाटतं तशी सोपी नाही. ते दुःखी नाहीत, तूच म्हणालीस."

"ते दुःखी नाहीत असं मी म्हणाले नाही. ते हसत होते असं म्हणाले."

"तू प्रत्येकाची आई होऊ नकोस."

लामियाला फोन करून सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "आई, मी जेवले, दार लागतं, ट्राममध्ये बसले होते. आता शेखना फोन कर."

"अमिजांनी नको म्हटलंय."

"मी पण तुला नको म्हणते. तू ऐकतेस का?"

काल दिवसभर मी त्यांच्या बाजूने विचार करून पाहिला. कदाचित त्यांना खरंच काहीतरी मिळालं असेल, जे माझ्यासारखीला दिसत नाही. चाळीस वर्षं माणूस 'मी' म्हणणं सोडायला शिकत असतो आणि एका रात्री त्याच्या हातून शेवटची वस्तूही सुटते. असं असेल तर मी कोण मध्ये पडणारी? शाळेत मी मुलांना पेशीचं विभाजन कसं होतं ते शिकवते. या गोष्टी मला कळत नाहीत. पण गुलाबांना घातलेली तीस कप कॉफी मला कळते. आणि शेख जेवाद वाट बघताहेत, हेही कळतं. ते आपली चूक समजून दर गुरुवारी दाराकडे बघतात, असं एन्वेरच सांगतो. अमिजांना आपल्या गुरूची आज्ञा पाळायची आहे, तर ती आज्ञा काय आहे हे त्यांना गुरूच्या तोंडून कळायला नको? मी त्यांना सांगून काही होणार नाही. माझ्या हातून पत्र आलं तर ते पत्र लिहिणाऱ्याकडे बघतात, माझ्याकडे नाही. जोडे पुन्हा आत वळवायचे तर ते शेखनीच वळवले पाहिजेत. त्यांनी 'रहा' म्हटलं तर अमिजा एय्वाला म्हणतील. 'जा' म्हटलं तरीही म्हणतील. मग मीही म्हणेन, जमेल तसं.

शब्द मोडल्याचं पाप माझ्या अंगावर. अमिजा माझ्याशी बोलले नाहीत तर तेही सोसेन. पिता दारात ठेवून येईन.

आज गुरुवार. शेख जेवाद सकाळच्या नमाजाहून साडेसहाला घरी परततात, आणि सात वाजता लाकडाच्या वखारीवर कामाला जातात. आता साडेसहा वाजून गेलेत. त्यांचा नंबर एन्वेरच्या वहीत आहे, आणि वही त्याच्या कोटाच्या खिशात. त्याने मला कोटाकडे जाताना पाहिलं. त्याने केटली चुलीवर ठेवली आणि तो माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. मी नंबर लावते आहे.